बैल घरी गेले आहेत

आमचं संग्रहालय वर्ध्यात, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात होतं. मी तिथे नोकरीला लागले तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. पदाचं नाव संग्रहालय सहायक. काम म्हणाल तर वस्तू पुसणं, त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालणं, शाळेच्या सहली फिरवणं आणि वाळवी लागली की रॉकेलचा बोळा घेऊन बसणं. संस्था खासगी, विश्वस्त मंडळाची. पैसा बेताचा. मंडळाचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांना सगळे सर म्हणत. त्यांच्याखाली मी, एक लिपिक आणि एक चौकीदार. एवढंच खातं.

वस्तू शेतीच्या आणि घरच्या. वखर, डवरे, तिफणी, जाती, सुपं, मोटेची चामडी पिशवी. आम्हाला त्यांचा फार अभिमान होता. बघायला येणाऱ्यांना नव्हता. बाजाराला आलेले शेतकरी सावलीसाठी आत शिरत, एक चक्कर मारत आणि म्हणत, "हे तं आमच्या गोठ्यात पडलं हाये." खरंच होतं ते. स्वतःच्या गोठ्यातली वस्तू पाहायला कोण तिकीट काढेल?

लोक येत ते एका खोलीसाठी. बैलांच्या.

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान, दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांचा. बहुतेक पोरांचे बैल वीतभर असतात, पण काही घरांत वासराएवढे मोठे, सागवानी, चाकांवर चालणारे बैल पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात. सर आणि मी एसटीने गावोगाव फिरून असे बैल मागत होतो. लोक वखर द्यायला एका पायावर तयार, बैलाचं नाव काढलं की चहा थंड व्हायचा.

पहिला बैल मिळाला तो सावंगीच्या एका शेतकऱ्याकडून. तेव्हा सावंगीला मोठं हॉस्पिटल उभं राहायचं होतं. वांगी, मेथी, कोथिंबिरीची वावरं होती सगळी. हा माणूस भाजी पिकवायचा आणि आठवड्याच्या बाजाराला वर्ध्यात आणायचा. आम्ही त्याला भाऊ म्हणत असू. उंच, हडकुळा, बोलायला तिखट.

"देतो," तो म्हणाला. "पन तान्ह्या पोळ्याले घरी पायजे."

"म्हणजे उसना देताय?" सरांनी विचारलं.

"उसना काऊन? तुमचाच झाला. पोरगी दिली म्हनून काय सनाले माहेरी येत नाई का?"

सर हसले आणि हो म्हणाले. तोंडी. ही अट मग गावोगाव पसरली आणि तिच्यामुळेच बैल येऊ लागले. सेलू, देवळी, समुद्रपूर, पार गिरडपर्यंतच्या घरांतून. चारपाच वर्षांत एक लांबलचक खोली भरली.

पहिल्या पोळ्याला भाऊ आणि त्याची बायको बैलगाडी घेऊन बैल न्यायला आले. बैल उचलल्यावर त्याचा लाकडी चौथरा मोकळा दिसायला लागला. वहिनी थबकली. "उघडी जागा बरी दिसत नाई, बाई," असं म्हणत तिने गाडीतला पाण्याचा पितळी गडवा आणून चौथऱ्यावर ठेवला. त्यात मूठभर ज्वारी टाकली. चौथ्या दिवशी बैल परत आला, गडवा परत गेला. पुढच्या वर्षी हे बघून दुसऱ्यांनीही तसंच केलं. कुणी पाणी भरायचा गुंड ठेवी, कुणी कळशी, कुणी परात. ज्वारी मी बंद करवली, कारण उंदीर. पण भांडं राहिलं. कोणत्या चौथऱ्यावर कुणाचं भांडं आहे त्यावरून कोणता बैल कुणाकडे गेला ते कळे. सही नाही, पावती नाही. इतक्या वर्षांत एकही बैल हरवला नाही. एकाचं शिंग तेवढं मोडलं, तेही त्यांच्याच सुताराने नीट बसवून दिलं.

हे असं चालू असताना ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला आमच्याकडे कॉम्प्युटर आला.

मंडळातल्या एका विश्वस्ताने तो देणगी म्हणून दिला. सरकारी खात्याची मान्यता मिळाली तर कायमचं अनुदान मिळणार होतं, आणि ज्या संस्थेची यादी कॉम्प्युटरवर आहे तिचं पारडं जड होईल असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, दोन फटींची पेटी, जिच्यात तळहाताएवढ्या लवचीक तबकड्या घालायच्या, आणि चालताना करवतीसारखा आवाज करणारा प्रिंटर. गोदामाच्या कोपऱ्यात काचेची खोली बांधली. चपला बाहेर काढायच्या. सरांनी तिथे कूलर बसवला तर नागपूरहून आलेल्या इंजिनियरने तो बंद करायला लावला; ओल्या हवेने मशीन बिघडेल म्हणाला. म्हणजे वर्ध्याच्या मे महिन्यात मशीनला पंखा आणि आम्हाला घाम. शेजारच्या चालू जिनिंगमधून रुईचे तंतू उडत येत, ते की-बोर्डमध्ये अडकत. मी उशीच्या अभ्र्याच्या मापाचं एक झाकण शिवून त्यावर घातलं. माझं कॉम्प्युटरमधलं पहिलं योगदान ते.

शिकायला मला नागपूरला पाठवलं. वर्गात सगळे बँकेतले आणि वीज मंडळातले तरुण. मी एकटी बाई आणि सगळ्यांत मोठी. मास्तर वीस-बावीसचा मुलगा, तो मला "मॅडम, घाबरू नका" असं दर तासाला सांगे. मी घाबरले नव्हते, मला त्याचं इंग्रजी भराभर कळत नव्हतं एवढंच. मी शेवटी त्याला म्हटलं, सावकाश बोल. मग बाकीच्यांनाही बरं वाटलं; माझ्यामुळे त्यांनाही कळायला लागलं असं नंतर एकाने चहाच्या टपरीवर कबूल केलं.

मला त्यातलं एक आवडलं. हे यंत्र हुशार नव्हतं. जे सांगाल ते करायचं, जे सांगायचं राहिलं ते नाही करायचं. अशा स्वभावाच्या माणसांबरोबर मी आयुष्यभर काम केलं होतं.

मी नागपूरला असताना इकडे यादी भरायचं काम आमच्या लिपिकाने पुढे रेटलं. हे गृहस्थ माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी वडील, टायपिंगला वेगवान, नियमाला पक्के. इंजिनियरने प्रोग्रॅम बनवून दिला होता. एका वस्तूला एक ओळ: क्रमांक, नाव, कशाची बनवली, कुणी दिली, कोणत्या खोलीत, आणि शेवटी एक अक्षर, आहे की नाही. मराठी अक्षरं त्या यंत्रात उमटत नव्हती, सगळं इंग्रजी लिपीतून लिहायचं. आणि इंजिनियरने एक नियम बजावला होता: जुन्या वहीवरून उतरवू नका, जागेवर जा, जे डोळ्यांना दिसतं तेच भरा. नियम चांगलाच होता.

लिपिक बैलांच्या खोलीत पोचले तो दिवस नेमका तान्ह्या पोळ्याचा.

हे कळलं कित्येक महिन्यांनी. मंडळाच्या बैठकीत छापील यादी वाटली गेली, आणि एक विश्वस्त वाचता वाचता थांबले. लाकडी बैल कुठे आहेत? बैलांच्या क्रमांकांसमोर ओळीने लिहिलं होतं: पितळी गडवा. पितळी गुंड. तांब्याची कळशी. परात, काठ वाकलेला. यादीप्रमाणे आमच्या संग्रहालयात एकही बैल नव्हता, भांड्यांचं दुकान मात्र होतं.

मला आत बोलावलं. मी लिपिकांना बोलावलं.

"अहो, हे काय भरलंत?"

"जे दिसलं ते."

"पण बैल कुठे गेले ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत होतं. पन दिसले नाई, बाई. त्या इंजिनियरनं सांगतलं, मनचं लिवू नोका. मंग न दिसलेला बैल मी कसा लिवू?"

एका विश्वस्तांना हसू आवरेना. बाकीच्यांना ते हसण्यासारखं वाटलं नाही, आणि त्यांची बाजूही मला कळत होती. खात्याचा अधिकारी येणार, यादी हातात घेऊन एकेका वस्तूपुढे उभा राहणार. ज्या संस्थेच्या वस्तू दरवर्षी गाडीत बसून गावाला जातात तिला मान्यता कोण देईल? बैठकीत ठरलं की भांडी खोडून बैल भरायचे आणि बैल यापुढे बाहेर द्यायचे नाहीत. एकदा यादीत बसली की वस्तू जागेवरून हलणार नाही.

पुढच्याच बाजारच्या दिवशी मी हे भाऊला सांगितलं. लपवून काय करणार? तो भाजी विकून सायकल टेकवून आत आला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग मी माहा बैल घेऊन जातो," तो म्हणाला. "पोळ्याच्या आधी येतो गाडी घेऊन."

"भाऊ, तो आता संस्थेचा आहे."

"आहे ना. पन अट होती. अट तुमी मोडून राह्यले, मी नाई. आन माह्या एकट्याचं नाई हे, बाई. देवळीवाले, गिरडवाले, समदे याच बोलीवर देऊन बसले. मी घेऊन गेलो का ते बी येतीन."

तो चुकीचं बोलत नव्हता, हीच अडचण होती. बैल थांबवले तर बैल जाणार. बैल गेले तर आमच्याकडे उरणार गोठ्यात पडलेल्या वस्तू आणि सावलीला येणारे लोक. आणि बैल दरवर्षी असेच सोडले तर मान्यता नाही, अनुदान नाही, म्हणजे तीनचार वर्षांत गोदामाला कुलूप. पोळ्याला अजून चार-पाच महिने होते.

मी इंजिनियरला फोन लावला. टपाल कार्यालयातून, ट्रंक कॉल. मला काय हवं ते सांगितलं: बैल संस्थेचा आहे हेही दिसलं पाहिजे आणि आज तो सावंगीला आहे हेही.

"मॅडम, एवढा बदल म्हणजे नवाच प्रोग्रॅम. दिवाळीनंतर बघू."

"पोळा दिवाळीच्या आधी येतो."

"दर वर्षी?" तो म्हणाला. मुलगा शहरातला होता.

मग मीच बसले. यंत्राबरोबर आलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. इंजिनियर ते उघडत नसे, आम्ही त्याच्यावर फुलदाणी ठेवली होती. मी फुलदाणी खिडकीत ठेवली. उन्हाळ्यात सकाळी लवकर जायचं, मशीन तापायच्या आणि वीज जायच्या आत जमेल तेवढं करायचं. घरी मुलं मोठी झाली होती, स्वतःचा डबा स्वतः भरत. नवरा म्हणाला, "या वयात?" मी म्हटलं, "मागच्या वयात हे मशीन नव्हतं." विषय तिथे संपला.

किती दिवस मी एका ओळीत सगळं कोंबायचा प्रयत्न करत होते. शेवटच्या त्या आहे-नाहीच्या अक्षराच्या जागी तिसरं अक्षर घालून बघितलं, घरी गेला म्हणून. पण मग कुणाच्या घरी, कधी, जागेवर आता काय आहे? ओळ लांबत गेली आणि दरवर्षी जुनं पुसून नवं लिहायचं म्हटलं की मागचा इतिहास नाहीसा. हे काही खरं नव्हतं.

वाट सापडली ती लिपिकांच्या चुकीमुळे. भांड्यांची ती रद्द यादी मी कच्चा कागद म्हणून वापरत होते. एक दिवस तिच्या पाठीवर लिहिता लिहिता मी ती उलटली आणि सरळ वाचली. त्या माणसाने चौथरा बघितला होता आणि चौथऱ्यावर जे होतं ते लिहिलं होतं. चूक एवढीच की चौथऱ्याला स्वतःचा क्रमांक नव्हता, म्हणून त्याने बैलाचा वापरला. म्हणजे बैल वेगळा आणि बैलाची जागा वेगळी. बैलांची एक यादी करायची, ती कधीच बदलायची नाही. जागांची दुसरी यादी करायची; त्यात आमचे चौथरे येतील आणि सावंगी, गिरड, देवळीची घरंही येतील. आणि तिसरी यादी फक्त हालचालीची: अमुक तारखेला अमुक बैल या जागेवरून त्या जागेवर. वहिनीने पहिल्या वर्षी गडवा ठेवला तेव्हा हेच केलं होतं. ती तिसरी यादी आम्ही पितळेत ठेवत होतो, एवढंच.

पुस्तकात बघितलं तर दोन याद्या क्रमांकाने एकमेकींना बांधायची सोय त्यात होतीच. एक पूर्ण प्रकरण होतं त्यावर. मी ते इतक्या वेळा वाचलं की पानं सुटली.

करणं मात्र वाचण्याइतकं सोपं नव्हतं. एकदा मी एका बैलाची जागा गिरड अशी बदलायचा हुकूम दिला आणि कोणत्या बैलाची ती अट घालायची राहून गेली. यंत्राने विचारलं नाही. पडदा भरून आला: सगळे बैल गिरडला. पुढचं पान, जाती गिरडला. वखर, मोट, सुपं, रांजण, सगळं गिरडला. लिपिक मागे उभे होते.

"बाई, आज तं उरूसच भरला म्हना गिरडले."

मी त्यांच्याकडे बघितलं तर ते गंभीर चेहऱ्याने पुढे म्हणाले, "वाहन कोनतं केलं?"

नागपूरच्या त्या मुलाने एक गोष्ट आमच्याकडून घोटून घेतली होती: काहीही बदलण्याआधी नक्कल करून तबकडी वेगळी ठेवा. ती मी ठेवली होती. दुपारपर्यंत गिरडचा उरूस उठला. त्या दिवसापासून लिपिकांनी मला मदत करायचं मनावर घेतलं. मी हुकूम वाचून दाखवायचा, त्यांनी तो टाइप करायचा, आणि बटण दाबण्याआधी विचारायचं, "कोनाचा बैल?" हा प्रश्न पुढे आमच्याकडे कायमचा राहिला. नव्याने कामावर आलेल्या मुलींनाही तो आम्ही शिकवला, बैलाचा विषय नसला तरी.

आषाढात मी सरांना काम दाखवलं. बैलाचा क्रमांक टाकला की वर बैलाची सगळी माहिती, खाली तो आज कुठे आहे, आणि त्याच्या चौथऱ्यावर आज काय आहे. सरांनी तीन-चार क्रमांक टाकून बघितले. मग चष्मा काढला.

"बैल बाहेर असताना अधिकारी आले तर?"

"तर पडद्यावर दिसेल बैल कुठे आहे ते."

"आणि त्यांचा पडद्यावर विश्वास बसला नाही तर?"

"तर त्यांना बैल दाखवायला न्यावं लागेल."

सरांनी चष्मा पुसून परत घातला. मंडळाला विचारतो असं ते म्हणाले नाहीत. "शब्द मीच दिला होता," एवढंच म्हणाले, आणि बैल सोडायला परवानगी दिली. अधिकारी पोळ्याच्या दिवसांत येऊ नयेत, ही त्यांची आशा होती. पण अधिकारी पुण्याचे. तिकडे पोळा वेगळ्या दिवशी करतात किंवा करतही नाहीत, आणि तान्हा पोळा तर त्यांच्या कॅलेंडरात नसावाच. त्यांनी कळवलेली तारीख नेमकी त्याच दिवशी आली.

आदल्या संध्याकाळी बैल गेले. लिपिक टाइप करत होते, मी क्रमांक वाचत होते, बाहेर चौकीदार भांडी चौथऱ्यांवर मांडत होता. भाऊ आपला बैल गाडीत चढवताना मला म्हणाला, "नोंद झाली का?"

"झाली."

"पायजे तं मले बी नोंदवून घ्या. मी बी घरीच हाये."

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. मध्यम वयाचे, नीटनेटके, कमी बोलणारे. त्यांनी आधी बाकीच्या खोल्या तपासल्या. सगळं जुळलं. मग बैलांच्या खोलीच्या दारात उभे राहिले. समोर रांगेने गडवे, गुंड, कळशा, चिंचेने घासून लख्ख केलेल्या.

"ही खोली कसली?"

"बैलांची."

"आणि बैल?"

"बैल घरी गेले आहेत," मी म्हटलं. मग लगेच त्यांना काचेच्या खोलीत नेलं. त्यांनी चपला काढल्या, खुर्चीवर बसले आणि मी एकेक ओळ दाखवत गेले. चौथरा क्रमांक, त्यावरचं भांडं, त्या जागेचा बैल, बैल आज कुठे. ते उठून खोलीत जात, भांडं बघत, परत येत. भांडी सगळी जुळली. ते खुर्चीत मागे टेकले.

"बाई, तुमची व्यवस्था चांगली आहे. पण मी भांडी तपासायला आलो नाही. वस्तू दाखवा."

"कोणती?"

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. सावंगी.

त्यांच्याच जीपने गेलो. सर पुढे, मी आणि लिपिक मागे. रस्ता चिखलाचा. भाऊच्या घरी पोचलो तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "ते समदे पारावर गेले. बैल बी गेला."

अधिकाऱ्यांनी डायरी काढली. "पडद्यावर पत्ता घराचा होता."

"बैल घरचाच आहे, पोळ्याला गावात फिरतो," मी म्हटलं. ऐकताना ते मलाच पोकळ वाटलं. सर पाराकडे चालू लागले.

पारावर तोरणाखाली पोरांची रांग लागली होती. नखाएवढ्या मातीच्या बैलांपासून ते मोठ्या बैलांपर्यंत. रांगेत मधोमध आमचा बैल, झूल पांघरलेला, कपाळाला बाशिंग, आणि त्याची दोरी भाऊच्या नातीच्या हातात. अधिकारी जवळ गेले.

"क्रमांक कुठे आहे?"

"पोटाखाली," मी म्हटलं.

"जरा आडवा करा."

भाऊ मध्ये आला. "साहेब, तोरनाखाली बैल आडवा पाडत नाई. आज नाई."

"मग मी क्रमांक कसा बघू?"

"वाकून."

पारावरचे लोक बघत होते. अधिकाऱ्यांनी चिखलाकडे पाहिलं, मग आपल्या पँटकडे. मला वाटलं आता ते फिरतील आणि सगळं संपेल. त्यांनी डायरी लिपिकांच्या हातात दिली, गुडघे टेकले, एक हात चिखलात ठेवला आणि मान वाकडी करून बैलाच्या पोटाखाली बघितलं. पांढऱ्या रंगाचा क्रमांक त्यांनी मोठ्याने वाचला. लिपिकांनी तो डायरीत लिहिला.

ते उठायच्या आत भाऊच्या नातीने हात पुढे केला. "बोजारा."

"काय म्हणते ही?"

"बैलापुढे आलात तर मुलांना काहीतरी द्यायचं असतं," मी म्हटलं. त्यांनी खिशातून एक नाणं काढून दिलं. त्यानंतर अर्थातच रांगेतली सगळी पोरं आपापले बैल घेऊन त्यांच्याकडे वळली.

परत येताना जीपमध्ये ते म्हणाले, "घराचा पत्ता लिहू नका. गाव लिहा, आणि जबाबदार माणसाचं नाव लिहा. बैल फिरला तरी माणूस एकच राहतो." ती सूचना योग्य होती, मी ती त्याच आठवड्यात केली. अहवालात त्यांनी एक अट घातली: वस्तू बाहेर गेल्याची आणि परत आल्याची नोंद त्याच दिवशी यंत्रात झाली पाहिजे. या अटीवर मान्यता मिळाली. भाऊचा बैल चौथ्या दिवशी परत आला आणि गडवा घरी गेला, नेहमीसारखा.

माझ्यापुरता त्याचा अर्थ असा की पोळ्याच्या संध्याकाळी आणि बैल परत येतात त्या दिवशी मी घरी नसते. पुरणाच्या पोळ्या सासूबाई करत, पुढे मुलीने शिकून घेतल्या. माझ्याहून बऱ्या होतात.

पुढच्या वर्षीच्या पोळ्याला गाड्या गोदामाच्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागल्या, कारण आता कुणीच नुसता बैल उचलून जाईना. प्रत्येकाला आपला बैल निघताना पडद्यावर बघायचा होता. चपला काढून एकेक घर काचेच्या खोलीत शिरायचं, बायका पोरांना पुढे ढकलायच्या. मी क्रमांक टाकायची, लिपिक विचारायचे, "कोनाचा बैल?" आणि आता उत्तर मी नाही, ते लोक द्यायचे, नाव-गाव सगळं. बटण दाबलं की खालची हिरवी ओळ बदलायची. गिरडहून आलेली एक बाई म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

"मंग बरं हाये," ती म्हणाली, आणि गर्दीतून मागे बघत आपल्या नवऱ्याला हाक मारली, "उचला वो."